खाटेपासून हातभर अंतरावर



गेल्या महिन्यात एका वाचक भगिनींचे पत्र आले. त्यांच्या ऐंशी वर्षांच्या सासूबाईंचे खुब्याचे हाड मोडले म्हणून शस्त्रक्रिया करावी लागली. शस्त्रक्रिया उत्तम झाली. दुसऱ्या दिवशी त्यांना वॉकर धरून उभेही केले. सहाव्या दिवशी मात्र थंडी वाजून ताप भरला आणि घरी जाण्याचा दिवस तीन आठवड्यांनी लांबला. ‘हॉस्पिटलमधला जंतू आहे’, एवढेच कुटुंबीयांना सांगण्यात आले. पत्राच्या शेवटी त्या विचारतात : “जिथे बरे व्हायला जायचे, तिथेच नवा आजार कसा लागतो? आणि खाटेशी दिवसरात्र बसणाऱ्या आमच्यासारख्यांच्या हातात काही असते का?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येईल. रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाच्या शरीरात जंतूंना शिरण्यासाठी वाटा तयार झालेल्या असतात : सलाईनची सुई, लघवीची नळी, नाकातली नळी, शस्त्रक्रियेची जखम. वयोवृद्धांची प्रतिकारशक्ती आधीच मंदावलेली असते. आणि रुग्णालयातील जंतू प्रतिजैविकांच्या सहवासात वाढल्यामुळे पुष्कळदा औषधांना दाद देत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार श्रीमंत देशांत दर शंभर दाखल रुग्णांपैकी सात जणांना, तर मध्यम व अल्प उत्पन्नाच्या देशांत पंधरा जणांना रुग्णालयात असताना किमान एक संसर्ग होतो. असा संसर्ग झालेल्या सरासरी दहांपैकी एकाचा मृत्यू होतो. जंतू कधी रुग्णाच्या स्वतःच्या त्वचेवरचे असतात, कधी दुसऱ्या रुग्णाकडून आलेले. परंतु ते स्वतः चालत येत नाहीत. त्यांना वाहून नेणारे सर्वांत मोठे वाहन म्हणजे माणसाचा हात.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मला आपली एका डॉक्टरांशी ओळख करून द्यावी लागेल. त्यांचे नाव दिदिए पित्ते. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहरात १९५७ साली त्यांचा जन्म झाला, तेथेच ते डॉक्टर झाले आणि तेथील विद्यापीठ रुग्णालयात त्यांनी आयुष्यभर काम केले. हृदयरोपण नाही, नवे औषध नाही, विलक्षण यंत्र नाही; या माणसाने आपली कारकीर्द एका बाटलीवर आणि ती बाटली कोठे ठेवावी या प्रश्नावर खर्च केली. ऐकायला क्षुल्लक वाटते. मलाही एके काळी वाटले होते. त्याविषयी पुढे सांगतो.

तरुण वयात पित्ते अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात रिचर्ड वेन्झेल यांच्याकडे शिकायला गेले. रुग्णालयातील संसर्ग हा त्या काळी वैद्यकातला मानाचा विषय नव्हता. अतिदक्षता विभागातील रुग्णांच्या रक्तात जंतू शिरले की नेमके काय घडते, याचा हिशेब त्यांनी तेथे मांडला. संसर्ग झालेला एक रुग्ण आणि तशाच वयाचा, तशाच आजाराचा पण संसर्ग न झालेला दुसरा रुग्ण, अशा ८६ जोड्या त्यांनी जुळवल्या. संसर्ग न झालेल्यांपैकी १५ टक्के रुग्ण दगावले होते. झालेल्यांपैकी ५० टक्के. मूळ आजार सारखाच असल्यामुळे मधली ३५ टक्क्यांची दरी ही त्या संसर्गाने खोदलेली होती. हा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘रुग्ण गंभीरच होता, काय करणार’ या आमच्या व्यवसायातील जुन्या समाधानाला त्याने मोठा तडा दिला.

जिनिव्हाला परतल्यावर संसर्ग नियंत्रणाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. अशा पदावर बसलेला माणूस सहसा परिपत्रक काढतो. पित्ते यांनी परिपत्रक काढण्याऐवजी आधी पाहायचे ठरवले. प्रशिक्षित निरीक्षक वॉर्डांत जाऊन उभे राहिले आणि हात स्वच्छ करण्याचा प्रसंग केव्हा आला व प्रत्यक्षात काय झाले, याची नोंद करू लागले. २,८३४ प्रसंग नोंदवले गेले. हात स्वच्छ केले गेले ते ४८ टक्के वेळा; म्हणजे निम्म्याहून कमी. आणि हे कोठे? जगातल्या अत्यंत सधन व स्वच्छ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शहरातील विद्यापीठ रुग्णालयात.

दुसऱ्या एका अभ्यासात त्यांनी परिचर्या करणाऱ्यांच्या हातांचे ठसे घेऊन जंतू मोजले. हातमोज्यांशिवाय रुग्णाची सेवा करीत असता हातांवर दर मिनिटाला सरासरी १६ जंतुवसाहतींची भर पडत होती. केवळ खाट सावरणे, कूस बदलणे यांसारख्या निरुपद्रवी कामांतही हात कोरे राहत नव्हते.

आता खरा प्रश्न : ही सुशिक्षित, कर्तव्यदक्ष माणसे हात का धूत नव्हती? आळस, बेफिकिरी, शिस्तीचा अभाव ही उत्तरे कोणाच्याही तोंडी चटकन येतात. पित्ते यांच्या नोंदी वेगळेच सांगत होत्या. जेथे काम अधिक आणि घाई अधिक, तेथे हात धुणे कमी होते. सर्वांत वाईट स्थिती अतिदक्षता विभागात होती, म्हणजे जेथे धोका सर्वाधिक तेथेच. याचे कारण साधे गणित होते. अतिदक्षता विभागातील सिस्टरला तासाला वीसेक वेळा तरी हात स्वच्छ करण्याचा प्रसंग येतो. बेसिनपर्यंत जायचे, साबण लावायचा, चोळायचा, धुवायचा, कोरडे करायचे आणि परत यायचे, यात मिनिट-दीड मिनिट जाते. प्रत्येक वेळी नियम पाळला तर तासातली वीस ते तीस मिनिटे बेसिनपाशीच संपतील. मग सलाईन कोण बदलणार आणि श्वास लागलेल्या रुग्णाकडे कोण धावणार? नियम पाळणे कठीण नव्हते, अशक्य होते. दोष माणसांच्या मनात नव्हता, बेसिनच्या अंतरात होता.

माझ्या मते पित्ते यांच्या साऱ्या कारकिर्दीतील हा सर्वांत मोलाचा क्षण आहे. येथे त्यांच्या एका पूर्वसूरीची आठवण होते. १८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांनी शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. परंतु ज्यांनी त्यांचे ऐकले नाही त्यांना त्यांनी जाहीर पत्रांतून खुनी म्हटले. ते खरे बोलत होते. तरी त्यांच्या हयातीत फार थोड्यांनी ऐकले, आणि १८६५ साली मनोरुग्णालयात त्यांचा करुण अंत झाला. पित्ते यांनी कोणालाही खुनी म्हटले नाही. ‘तुम्ही बेसिनकडे जाऊ शकत नाही ना, मग आपण बेसिनच तुमच्याकडे आणू’, असा त्यांच्या कामाचा सूर होता.

त्यांच्या रुग्णालयात विल्यम ग्रिफिथ्स नावाचे औषधनिर्माते होते. अल्कोहोल असलेले, हातांवर चोळून वाळणारे द्रावण त्यांनी पूर्वीच तयार केले होते. पाणी नको, पंचा नको, वीस ते तीस सेकंदांत काम पूर्ण. वर केलेला हिशेब पुन्हा मांडा : तासाला वीस वेळा म्हणजे सात ते दहा मिनिटे, तीही रुग्णापाशी उभे राहून. पित्ते यांनी या द्रावणाच्या खिशात मावणाऱ्या बाटल्या वाटल्या आणि प्रत्येक खाटेला बाटली अडकवण्यासाठी खास कड्या बसवून घेतल्या. भिंतींवर व्यंगचित्रांची भित्तिपत्रके लागली. त्यांतील कल्पना कर्मचाऱ्यांच्याच होत्या आणि ती सतत बदलली जात, कारण रोज तेच चित्र पाहिले की डोळा त्याला सरावतो. किती टक्के लोकांनी हात स्वच्छ केले, हे आकडे सर्वांना दाखवले जात. मात्र कोणाचे नाव घेतले जात नसे.

परिणाम २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. वीस हजारांहून अधिक प्रसंगांच्या नोंदी होत्या. हात स्वच्छ करण्याचे प्रमाण १९९४ मधील ४८ टक्क्यांवरून १९९७ मध्ये ६६ टक्क्यांवर गेले. रुग्णालयात संसर्ग झालेल्यांचे प्रमाण १६.९ टक्क्यांवरून १९९८ पर्यंत ९.९ टक्क्यांवर उतरले. औषधांना न जुमानणाऱ्या एमआरएसए जंतूचा प्रसार निम्म्याहून खाली आला. शंभर टक्के शिस्त कधीच आली नव्हती, हे येथे ध्यानात घ्यावे. तिघांपैकी एक प्रसंग अजूनही हुकत होता, तरी एवढा फरक पडला.

त्याच निबंधात एक वाक्य असे होते की, सिस्टर आणि परिचारिका-साहाय्यकांच्या वर्तनात मोठी सुधारणा झाली; डॉक्टरांच्या वर्तनात मात्र फारशी नाही. तो निबंध मी वाचला तेव्हा त्या वाक्यापाशी थबकलो होतो, कारण त्या गटात मी होतो.

सांगायला संकोच वाटतो, तरी सांगतो. त्याच्याही काही वर्षे आधीची गोष्ट. सकाळचा राउंड चालू होता, मागे चार-पाच शिकाऊ डॉक्टर होते. एका खाटेवर निवृत्त मुख्याध्यापक होते. पोटाची शस्त्रक्रिया होऊन तीन दिवस झालेले. मी त्यांचे पोट तपासायला वाकलो तेव्हा ते अगदी मृदू आवाजात म्हणाले, “डॉक्टर, हात धुतलेत ना?” मी शेजारच्या खाटेवरचा पाय तपासून तसाच आलो होतो. मी हसून म्हणालो, “गुरुजी, ती काळजी आमच्यावर सोडा.” आणि तशाच हातांनी तपासले. विद्यार्थी हसले. गुरुजी गप्प झाले आणि पुढे त्यांनी मला काहीही विचारले नाही. ते बरे होऊन घरी गेले, हे खरे. पण त्या दिवशी मी पाच तरुण डॉक्टरांना काय शिकवले, हे मला फार उशिरा समजले.

पित्ते यांनी पुढे डॉक्टरांचाही स्वतंत्र अभ्यास केला. तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. १६३ डॉक्टरांचे निरीक्षण केले तेव्हा ५७ टक्के वेळा हात स्वच्छ केलेले आढळले. ‘आपले पाहून सहकारी शिकतात’ असे ज्यांना वाटत होते, ते अधिक काटेकोर होते. आपल्याकडे कोणी पाहत आहे हे ज्यांना ठाऊक होते, तेही. म्हणजे खाटेवरून विचारणारे गुरुजी डॉक्टरांच्या भल्याचेच करीत होते.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २००५ मध्ये रुग्णसुरक्षेची पहिली जागतिक मोहीम सुरू केली, तिचे नेतृत्व पित्ते यांच्याकडे आले. येथे त्यांच्यापुढे दुसरा प्रश्न उभा राहिला. जिनिव्हाला परवडणारी बाटली आफ्रिकेतल्या जिल्हा रुग्णालयाला कशी परवडावी? या द्रावणावर हक्क सांगून कोणी गडगंज झाले असते. पित्ते यांनी कृती संघटनेच्या हवाली केली आणि ती सर्वांसाठी खुली झाली. अल्कोहोल, थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड, थोडे ग्लिसरॉल आणि शुद्ध पाणी, एवढेच साहित्य. जंतू मारण्याचे काम अल्कोहोल करते. पेरॉक्साइड बाटलीत चुकून शिरलेल्या बीजाणूंचा बंदोबस्त करते. ग्लिसरॉलने त्वचा कोरडी पडत नाही. मालीतील बामाको येथे उसापासून मिळालेल्या अल्कोहोलने हे द्रावण स्थानिक पातळीवर तयार झाले आणि तेथील रुग्णालयात हात स्वच्छ करण्याचे प्रमाण ८ टक्क्यांवरून सुमारे २२ टक्क्यांवर गेले. आकडा लहान दिसतो. पण तेथे वॉर्डांत नळच अपुरे होते. २०२० मध्ये आपल्या राज्यातील साखर कारखान्यांच्या आसवन्यांतून सॅनिटायझरचे कॅन बाहेर पडू लागले, तेव्हा मला बामाकोची आठवण झाली होती.

ब्रिटनच्या राणीने २००७ मध्ये पित्ते यांना मानाचा किताब दिला आणि २०२० मध्ये फ्रान्सच्या अध्यक्षांनी कोविडकाळातील आपल्या देशाच्या कारभाराचे परीक्षण करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे सोपवले. मला मात्र त्यांच्या सहकाऱ्यांसह त्यांनी तयार केलेली ‘पाच क्षणां’ची पद्धत अधिक मोठी वाटते, आणि पत्रलेखिका भगिनींच्या प्रश्नाचे उत्तरही तेथेच आहे. ती पद्धत कर्मचाऱ्यांसाठी लिहिली आहे. परंतु आपल्याकडील रुग्णालयांत भरवणे, पुसणे, कूस बदलणे, भांडे देणे ही कामे मुलगी, सून, मुलगा किंवा ब्युरोतून आलेली बाई करते. म्हणून ती आपलीही आहे.

रुग्णाला हात लावण्यापूर्वी हात स्वच्छ करावेत, हे सर्वांना पटते. बाहेरून आलेला नातेवाईक रिक्षाचे पैसे देऊन, लिफ्टचे बटण दाबून थेट आजीच्या गालाला हात लावतो, तो हा पहिला क्षण. दुसरा क्षण नळी, सुई वा जखमेशी संबंधित कामापूर्वीचा : नाकातील नळीतून अन्न देणे, लघवीच्या पिशवीची तोटी उघडणे, बेडसोरची पट्टी बदलणे. सर्वांत अधिक नुकसान येथे होते, कारण येथे जंतूला शरीरात थेट प्रवेश मिळतो. तिसरा क्षण मलमूत्र, रक्त, थुंकी यांच्याशी संबंध आल्यानंतरचा. चौथा रुग्णाला सोडून निघतानाचा. पाचवा क्षण मात्र बहुतेकांच्या ध्यानी येत नाही : रुग्णाला स्पर्श न करता केवळ त्याच्या खाटेचा कठडा, चादर, औषधांचा ट्रे वा मोबाईल हाताळून दूर होताना. शेजारच्या खाटेवरील आजोबांना पाण्याची बाटली देण्यासाठी आपण माणुसकीने उठतो; त्या दोन खाटांमधल्या दोन पावलांत हात स्वच्छ करायचे असतात.

काही गोष्टी सावधपणे सांगायला हव्यात. हात डोळ्यांना मळलेले दिसत असतील, तर द्रावण उपयोगाचे नाही. साबण-पाणीच हवे आणि चाळीस ते साठ सेकंद हवे. प्रतिजैविके घेतल्यानंतर काही वृद्धांना ‘क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल’ या जंतूमुळे जुलाब होतात. त्या जंतूचे बीजाणू अल्कोहोलला भीत नाहीत, त्यामुळे जुलाब होणाऱ्या रुग्णाच्या सेवेनंतर साबणानेच हात धुवावेत. हातमोजे म्हणजे स्वच्छता नव्हे. एकच जोडी घालून तीन रुग्णांचे काम करणारी मावशी उघड्या हातांइतकेच जंतू नेते. द्रावण तळव्याचा खोलगट भाग भरेल इतके घ्यावे, दोन थेंब नव्हे, आणि बोटांची टोके व अंगठा विसरू नयेत, कारण स्पर्श त्यांनीच होतो. घरात आणखी एक खबरदारी : अल्कोहोल पेटते. हात पूर्ण वाळेपर्यंत गॅसजवळ वा देवघरातील निरांजनाजवळ जाऊ नये. कृती खुली असली, तरी हे द्रावण घरी बनवण्याच्या फंदात पडू नये.

आता विचारण्याविषयी. आपल्याकडे डॉक्टरांना ‘हात धुतलेत का’ असे विचारणे उद्धटपणाचे वाटते, आणि माझ्यासारखे डॉक्टर ते तसे वाटायला कारणीभूत आहेत. एका कुटुंबाने यावर शोधलेला मार्ग मला फार आवडला. त्यांनी आईच्या खाटेच्या पायथ्याशी बाटली अडकवली होती. कोणीही आले की मुलगी हसून बाटली पुढे करी आणि म्हणे, “या डॉक्टर, हे घ्या.” जुन्या घरांत पाहुणा आला की पाय धुवायला तांब्या पुढे करीत, तसेच. प्रश्न नाही, शंका नाही. बाटली खाटेपासून हातभर अंतरावर असते आणि ती घेणाऱ्यालाही अवघडल्यासारखे होत नाही. मला कोणी अशी बाटली दिली असती, तर मी निमूट घेतली असती.

पत्रलेखिका भगिनी, सासूबाई घरी आल्या, पण लघवीची नळी अद्याप आहे, असे आपण लिहिले आहे. नळी जितके दिवस राहते तितका संसर्गाचा धोका वाढतो. म्हणून ती अजून आवश्यक आहे का आणि केव्हा काढणार, हे पुढच्या भेटीत सर्वांत आधी विचारा. तोपर्यंत पिशवी मूत्राशयाच्या पातळीपेक्षा खाली राहील पण जमिनीला टेकणार नाही अशी अडकवा, ती रिकामी करण्याआधी आणि नंतर हात स्वच्छ करा, आणि थंडी वाजली, लघवी गढूळ झाली किंवा त्या अचानक असंबद्ध बोलू लागल्या, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.